धडधडत्या हृदयावरचा स्टॅबिलायझर: कार्डियाक ओटीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

नवीन मुलं-मुली कार्डियाक ओटीत (हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये) आली की स्टॅबिलायझरला, म्हणजे हृदय न थांबवता बायपास करताना शिवायची जागा स्थिर ठेवणाऱ्या साधनाला, 'हार्ट पकडायचं मशीन' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी ते नाव मोडून काढायची. हृदय पकडायचं नसतंच. पकडलं तर ते भरणार नाही, भरलं नाही तर रक्त पुढे जाणार नाही, आणि मॉनिटरवरची लाल रेघ बघता बघता खाली बसेल. आपल्याला शांत हवी असते फक्त अंगठ्याच्या नखाएवढी जागा, जिथे दीड-दोन मिलिमीटरची धमनी शिवायची आहे, तीही दहा-बारा मिनिटांपुरती. मिनिटाला ७५ ठोके धरले तर तेवढ्या वेळात हृदय साडेसातशे ते नऊशे वेळा उडतं. त्यातला एकही ठोका आपल्यामुळे वाया जाता कामा नये.

बडोद्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं स्क्रब सिस्टर (ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात साधनं देणारी नर्स) म्हणून गेली. आता घरी असते. गेल्या महिन्यात वाडीतल्या बहिणीचा मुलगा ओटी टेक्निशियन म्हणून लागला, तेव्हापासून रोज रात्री त्याचा फोन असतो. "मावशी, आज पॉड सुटला, सर माझ्याकडे बघत राहिले." (पॉड म्हणजे स्टॅबिलायझरचा हृदयाला चिकटणारा तुकडा.) भाच्याला तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच इथे सलग लिहिते आहे. आमच्या ओटीत गुजराती, हिंदी, मराठी आणि इंग्रजीची भेळच असायची, म्हणून साधनांची नावं जशी बोलली जातात तशीच ठेवली आहेत. तुमच्या सर्जनची पद्धत वेगळी असेल तर ती पाळा. साधनाच्या पाकिटातला कागदही वाचा. तो वाचायचा कंटाळा करणारे मी खूप पाहिले, त्यात सुरुवातीची काही वर्षं मीही होते.

दोन जातींचे पाय

१९५३ साली जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन, म्हणजे ओटीतला 'पंप', वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, हे सगळ्यांना शिकवतात. पण १९६४ मध्ये लेनिनग्राडला वसिली कोलेसोव यांनी पंपाशिवाय, चालत्या हृदयावर छातीतली धमनी कोरोनरीला (हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीला) शिवली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढे थांबवलेल्या हृदयावर शिवणं सोपं म्हणून सगळं जग पंपाकडे वळलं. १९८०च्या दशकात अर्जेंटिनाचे बेनेटी आणि ब्राझीलचे बुफोलो यांनी चालत्या हृदयाची पद्धत पुन्हा रुजवली. तेव्हा 'स्टॅबिलायझर' म्हणजे धमनीच्या दोन्ही बाजूंना ओढून धरलेले टाके, औषधानं मंदावलेले ठोके आणि असिस्टंटची बोटं.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर खरी साधनं आली. एका जातीचा पाय, म्हणजे हृदयाला टेकणारं टोक, इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. तो धमनीच्या दोन्ही कडांवर हलकेच टेकून जागा स्थिर करतो. हृदयाच्या समोरच्या धमनीसाठी, एलएडीसाठी, तो झकास चालतो. बाजूच्या किंवा मागच्या धमन्यांवर मात्र तो घसरतो, आणि घसरतो म्हणून माणूस जास्त दाबतो. दुसरी जात सक्शनची. हॉलंडमधल्या उट्रेख्टला कॉर्नेलियस बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. छोट्या वाट्या हृदयाच्या पृष्ठभागाला चिकटतात, म्हणून नाव ऑक्टोपस. सक्शनवाला पाय वरून दाबत नाही, पृष्ठभागाला धरून ठेवतो. सगळा फरक या एका गोष्टीत आहे. आपल्याकडे बऱ्याच ओटींत स्टीलचे, पुन्हा वापरायचे दाबणारे पायही असतात. ते वाईट नाहीत, पण त्यांना शहाणा हात लागतो.

दोन्ही जातींचा 'हात' म्हणजे तारेत ओवलेली मण्यांची माळ. नॉब सैल असला की माळ गजऱ्यासारखी लोंबते, नॉब आवळला की तार ताणली जाते, मणी एकमेकांत रुततात आणि हात लोखंडी सळईसारखा ताठ होतो. हे नीट डोक्यात बसवा, पुढे पायरीपायरीला लागणार आहे.

याशिवाय हृदय उचलून धरणारं वेगळं साधन असतं, पोझिशनर. स्टारफिश, अर्चिन, एक्सपोज ही त्यांतली नावं. त्याची वाटी हृदयाच्या टोकाजवळ बसते. पोझिशनर हृदय हव्या त्या बाजूला वळवतो, स्टॅबिलायझर शिवायची जागा शांत करतो. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलात की प्रेशर पडलंच म्हणून समजा.

आदल्या संध्याकाळी

उद्याच्या केसची अँजिओ आणि इको बघून घ्या. रिपोर्ट लावणं आपलं काम नाही, पण तीन प्रश्नांची उत्तरं ट्रॉली लावणाऱ्याला माहीत हवीत. पहिला, कुठल्या धमन्या शिवायच्या? फक्त एलएडी आणि तिची फांदी डायगोनल असेल तर बहुधा पोझिशनर लागणार नाही. बाजूची-मागची ओएम असेल तर नक्की काढून ठेवा. दुसरा, डाव्या कप्प्यात गुठळी, पातळ झालेली भिंत किंवा ताज्या ॲटॅकची जागा आहे का? टोकाजवळ असं काही असेल तर तिथे सक्शनची वाटी लावायची नसते आणि सर्जन दुसरा मार्ग काढतात. तिसरा, हृदय फार मोठं झालंय का, पंपिंग किती? मोठं, थकलेलं हृदय उचललेलं सहन करत नाही.

तेवढ्यात परफ्युजनिस्टला (पंप चालवणाऱ्याला) विचारा, पंप कितपत तयार असेल? काही ठिकाणी सर्किट लावून, द्रव भरून (प्राइम करून) ठेवतात, काही ठिकाणी कोरडं ठेवतात. काहीही असो, ऑक्सिजनेटर, कॅन्युला आणि क्लॅम्प कुठे आहेत हे तुम्हाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

ट्रॉली लावताना

आधी स्टर्नल रिट्रॅक्टर बघा. स्टॅबिलायझरचा क्लॅम्प रिट्रॅक्टरच्या पट्टीवर बसतो, आणि एका कंपनीचा क्लॅम्प दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर बसेलच असं नाही. छाती उघडल्यावर हे कळणं म्हणजे मांडवात नवरदेव आल्यावर मुहूर्त चुकल्याचं कळणं. म्हणून ट्रॉलीवरच बसवून बघा. बसला की नॉब पूर्ण आवळा, पाय बोटानं हलवून बघा, मग सैल करा. आवळलेला हात हळूहळू कलत असेल तर तार थकली आहे. ते साधन बाजूला ठेवा आणि दुसरं काढा.

मग व्हॅक्यूम. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच.

ऑक्टोपससारख्या साधनांना उणे ४०० मिमी पारा इतकं व्हॅक्यूम लागतं. भिंतीतलं सक्शन यापेक्षा जास्तही ओढू शकतं, म्हणून मधे रेग्युलेटर आणि आकडा दिसणारं मीटर हवंच. आणि ही लाइन एकटी हवी: वेगळा आउटलेट, वेगळा कॅनिस्टर. एका हॉस्पिटलमध्ये, नाव सांगत नाही, आउटलेट कमी होते म्हणून मी स्टॅबिलायझर आणि रक्त ओढायचा साधा सकर वाय कनेक्टरनं एकाच कॅनिस्टरला जोडले. मीटर ४०० दाखवत होतं, मी निश्चिंत. एलएडीचा तिसरा टाका चालू असताना असिस्टंटनं सकरचं टोक उचललं, हवा आत शिरली, व्हॅक्यूम एकदम गेलं आणि पाय सुटला. सुई धमनीच्या भिंतीतून फाडत बाहेर आली. सर्जननं शांतपणे दुरुस्त केलं, रुग्ण ठीक राहिला, आणि मला कुणी एक शब्दही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून वाय कनेक्टर दिसला की मी तो उचलून कपाटात टाकायची.

तपासायची सोपी रीत: लाइन चालू करा आणि पाय ग्लोव्हमधल्या ओल्या तळहातावर टेकवा. दोन्ही पॉड घट्ट चिकटले, मीटर ४००वर स्थिर राहिलं, शिट्टीसारखा आवाज आला नाही, की काम झालं. एकच पॉड धरत असेल तर दुसऱ्याची भोकं बंद आहेत. सलाइन ओढून बघा. मधल्या नळीला कुठे घडी पडली नाही ना, टेबलाच्या चाकाखाली आली नाही ना, हेही बघा. हसू नका, आलेली पाहिली आहे.

ट्रॉलीवर बाकी काय हवं: ब्लोअर (रक्त फुंकून बाजूला सारणारा) आणि त्याचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर (भरलेला आहे ना?), कोमट सलाइन, धमनी तात्पुरती आवळायचे सिलास्टिकचे स्नेअर बोथट सुईसकट, १ ते ३ मिमीपर्यंतचे इंट्राकोरोनरी शंट (धमनीत घालायच्या छोट्या नळ्या) मापाच्या क्रमानं, ७-० आणि ८-० प्रोलीन (शिवायचा धागा), बुलडॉग (छोटे क्लॅम्प), पेसिंगच्या तारा, आतले डिफिब पॅडल. शंट क्रमानं ठेवा. "दीडचा दे" म्हटल्यावर शोधायला लागलात तर धमनी तेवढा वेळ उघडी वाहते.

खोलीचं तापमान हा कायमचा वादाचा विषय. पंपावर रुग्ण गरम करता येतो, इथे ती सोय नाही. थंड पडलेलं हृदय चिडचिडं होतं, ठोके बिघडतात. बडोद्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री, आणि आत सर्जनना गाऊनखाली घाम, म्हणून एसी खाली आणायचा हट्ट. मी त्यांना थंड पाण्याची बाटली द्यायची आणि एसी वर करायची. रुग्णाखाली वॉर्मर, पायांवर गरम ब्लँकेट, सलाइन कोमट. तापमान ३६च्या खाली घसरू द्यायचं नाही. पोटॅशियम ४च्या वर आहे ना, मॅग्नेशियम दिलंय ना, हे ॲनेस्थेशियाचे डॉक्टर बघतात, पण तुम्ही ऐकत राहा.

छाती उघडल्यावर

छातीतली धमनी काढून झाली की हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जातं. बऱ्याच ठिकाणी पंपासाठी देतात त्याच्या साधारण निम्मा डोस देतात आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ३०० सेकंदांच्या वर ठेवतात. पंपावर जायचं असेल तर ४८०च्या वर लागतं. म्हणून उरलेल्या हेपरिनची भरलेली सिरिंज ॲनेस्थेशियाच्या ट्रेमध्ये तयार आहे ना, हे विचारायला लाजू नका.

पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचा पडदा) उघडून टाक्यांनी वर बांधतात. हृदय उजवीकडे वळवायचं असेल तेव्हा उजवीकडचे टाके सोडायचे असतात, नाहीतर हृदय त्या ताणलेल्या पडद्यावर आपटतं आणि उजवा कप्पा चेपतो. काही सर्जन उजवा फुफ्फुसाचा पडदा उघडून हृदयाला तिकडे सरकायला जागाच करून देतात.

मग येतो खोल टाका. हृदय क्षणभर उचलून मागच्या पेरिकार्डियममध्ये, डाव्या खालच्या पल्मनरी व्हेनजवळ टाका घेतात आणि त्यातून टेप ओवतात. टेप ओढली की हृदय आपोआप वर येतं. ब्राझीलच्या रिकार्डो लिमा यांच्या नावानं त्याला लिमा स्टिच म्हणतात. आणि छातीतल्या डाव्या धमनीलाही आपण ओटीत लिमाच म्हणतो. त्यामुळे सर 'लिमा' म्हणाले की नवा माणूस भलतंच काहीतरी पुढे करतो. संदर्भ बघून समजून घ्या. हा टाका घेताना प्रेशर पडतंच, म्हणून सुई आधीच होल्डरवर लावलेली असू द्या. आणि टाका वरवरचाच असतो, मागे महाधमनी आणि अन्ननलिका आहे.

हृदय उचलताना

इथे घाई करणारा सर्जन मी चांगला मानत नाही, आणि घाईनं नॉब आवळणारी सिस्टर तर नाहीच.

हृदय उभं केलं की प्रेशर का पडतं, हे समजलं तर अर्धी लढाई जिंकली. डावा कप्पा जाड असतो, तो सहज दबत नाही. उजवा पातळ, पिशवीसारखा. वळवताना तो पेरिकार्डियम आणि उरोस्थीच्या मधे सापडतो, भरत नाही, आणि मग डाव्याकडे द्यायला रक्तच उरत नाही. उट्रेख्टच्याच ग्रुंडेमान यांनी डुकरांवर हे करून पाहिलं होतं. हृदय उभं केल्यावर कमी झालेलं रक्त, टेबल डोक्याकडून २० अंश खाली केल्यावर पुन्हा भरून निघालं. म्हणून आपण टेबल डोक्याकडे उतरवतो आणि रुग्णाला उजवीकडे कलतं करतो. गुरुत्वाकर्षण हृदय उजवीकडे नेतं, आपल्याला ओढावं लागत नाही.

क्रम असा. सर्जन सांगतील, "उचलतोय." ॲनेस्थेशियाला ऐकू गेलं ना, याची खात्री करा. टेबल आधी उतरवा, मग उचला. पोझिशनरची वाटी टोकाच्या थोडी बाजूला लावली जाते, व्हॅक्यूम चालू, चिकटली की हळूहळू वर. त्याचा हात एकदम ताठ करू नका. हृदयाला थोडं डोलायला मोकळीक हवी, टांगलेल्या घंटेसारखी. मग थांबा. मिनिटभर सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. मीन (सरासरी) प्रेशर सावरलं तर पुढे. पडत चाललं तर हृदय खाली ठेवा, परत भरू द्या, थोडं फ्लुइड, थोडं औषध, आणि पुन्हा वेगळ्या कोनात. दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा शहाण्यासारखं वागतं. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे.

बहुतेक सर्जन एलएडी आधी घेतात. समोर असल्यामुळे हृदय फार हलवावं लागत नाही, आणि एकदा लिमाचं रक्त समोरच्या भिंतीला मिळालं की पुढची उचल हृदय जास्त सहन करतं.

पाय टेकवताना

भाचा रोज रात्री अडतो तो इथेच.

माझे वडील कलाभवनात (बडोद्याच्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत) शिकलेले फिटर. ते व्हाइसमध्ये काम धरायला शिकवायचे: "जॉब हलला तर कानस वाकडी जाते, पण जॉब चेपला तर जॉबच गेला." हृदयाच्या बाबतीत दुसरं वाक्य जास्त खरं आहे.

हात पूर्ण सैल. शिवायची जागा कोरडी करा. ओल्या, चरबीच्या जागेवर पॉड घसरतो. धमनी दोन पॉडच्या मधोमध यायला हवी. पॉड धमनीवरच बसला तर ती चेपेल, आणि शेजारची फांदी चेपली तरी ईसीजी तक्रार करेल. पाय हृदयापर्यंत नेऊन हृदयावर दाबू नका. तो हृदयाच्या अगदी जवळ आणून थांबवा, म्हणजे भरलेलं हृदय स्वतः येऊन त्याला टेकेल. मग व्हॅक्यूम. मीटर ४००वर गेलं, दोन्ही पॉड धरले, हे बघून मगच नॉब आवळायला घ्या. आवळताना दुसऱ्या हातानं पाय किंचित वर, अगदी मिलिमीटरभर, उचललेला असू द्या. नवा माणूस बरोबर उलटं करतो. तो खाली दाबतो, आवळतो आणि मग व्हॅक्यूम लावतो. अशा वेळी सक्शनचा पायसुद्धा दाबणारा पाय होऊन बसतो, आणि महागडं साधन वापरून आपण जुनंच काम करत असतो.

ज्या साधनांत नॉब फिरवल्यावर दोन पॉड किंचित फाकतात, तिथे मधली कातडी भरतकामाच्या रिंगेतल्या कापडासारखी ताणली जाते आणि धमनी वर उठून दिसते. जास्त ताणू नका, कडा फाटते.

आवळून झालं की पुन्हा मॉनिटर. प्रेशर १०-१५नं खाली गेलं आणि तिथेच थांबलं तर बहुधा चालतं. घसरत राहिलं तर पाय वर घ्या. जागा अगदी निश्चल व्हायला हवी असा हट्टही नको. थोडा थरथराट सर्जनचा हात सांभाळतो, पण रिकामं हृदय कुणाचाच हात सांभाळू शकत नाही.

शिवताना

शिवायच्या जागेच्या वरच्या बाजूला स्नेअर. काही सर्जन तो आवळून काही मिनिटं नुसते बघतात: ईसीजीची एसटी रेघ उचलते का, प्रेशर हलतं का. उजव्या धमनीवर विशेष लक्ष ठेवा. ती बंद केली की एव्ही नोडचं (ठोके पुढे पोचवणाऱ्या गाठीचं) रक्त तुटून ठोके एकदम मंदावू शकतात, म्हणून पेसिंगची तार हाताशी. शंटचा उपयोग हाच. धमनी उघडी असतानाही रक्त त्यातून पुढे जात राहतं, आणि मागची भिंत सुईत सापडत नाही.

ब्लोअरनं रक्त बाजूला सारून भोक दाखवायचं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, कारण तो रक्तात पटकन विरघळतो, हवेचा बुडबुडा अडकून बसतो. मिनिटाला पाच लिटरपेक्षा जास्त नाही, सलाइनच्या तुषारासोबत, आणि सुई जात असेल तेवढाच वेळ. सरळ भोकात फुंकलंत तर वायू धमनीत जातो आणि आतला थरही उचकटतो. तिरपा धरा.

ब्लोअर धरणाऱ्याला मी उत्तरायणाची आठवण करून द्यायची. गच्चीवर पतंग उडवणाऱ्याचं नाव होतं, पण फिरकी धरणाऱ्यानं मांजा आवळून धरला की पतंग गेला, सैल सोडला की गुंता. उडवणाऱ्याचा हात कुठे निघालाय हे त्याला आधीच कळलेलं असतं. तसंच. शेवटची गाठ मारण्याआधी शंट बाहेर आला का, हे मोठ्यानं बोला. स्नेअर सैल, हवा बाहेर, मग गाठ.

फ्लो मीटर असेल तर लगेच मापा. प्रवाह मिनिटाला २० मिलीच्या वर आणि पीआय (प्रवाहाला किती अडथळा आहे ते सांगणारा आकडा) ५च्या खाली असेल तर जोड बहुधा ठीक. नसेल तर छाती उघडी असतानाच पुन्हा बघायचं, आयसीयूत नव्हे.

काढताना

आधी व्हॅक्यूम बंद, वाट्या स्वतःहून सुटू द्या, मग हात सैल, मग उचला. चालू व्हॅक्यूमवर पाय ओढलात तर पृष्ठभाग सोलवटतो. पॉडच्या जागी लालसर-जांभळे गोल ठिपके दिसतील. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, फक्त रक्ताची वाढणारी गाठ नाही ना, ते बघा.

पंप मागवायची वेळ

हे ठरवणं तुमचं काम नाही, पण दिसलेलं बोलणं तुमचं काम आहे. हृदय खाली ठेवूनही मीन ६०च्या वर येत नाही, एसटी उचललेलीच राहते, ठोके बिघडतात, उजवा कप्पा फुगून निळसर दिसतो, यातलं काहीही दिसलं तर स्पष्ट सांगा. ठरवून, शांतपणे पंपावर जाणं आणि हृदय बंद पडल्यावर धावत पंपावर जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात मृत्यूचा धोका कितीतरी जास्त. पंपावर जाणं म्हणजे हार असं काही ओटींत वातावरण असतं. ते मला कधीच पटलं नाही.

आणि सगळ्या रुग्णांसाठी चालतं हृदयच उत्तम, असंही नाही. अमेरिकेतल्या रूबी चाचणीत २२०३ रुग्ण होते. त्यात पंपाशिवाय केलेल्या ग्राफ्टपैकी (शिवलेल्या नव्या वाटांपैकी) वर्षभरानंतर उघडे राहिलेले कमी निघाले, ८२.६ टक्के, तर पंपावरचे ८७.८. पाच वर्षांनी मृत्यूही थोडे जास्त दिसले. उलट ४७५२ रुग्णांच्या 'कोरोनरी' नावाच्या चाचणीत, जिच्यात भारतातली केंद्रंही होती, पाच वर्षांनी दोन्हींत फरक दिसला नाही. माझं मत असं, की सर्जनचा आणि टीमचा रोजचा हात कशावर बसलाय यावर बरंच अवलंबून असतं. महाधमनी कॅल्शियमनं कडक झालेली असेल, तिला क्लॅम्प लावायची भीती असेल, तर मात्र चालत्या हृदयाचं पारडं जड होतं.

बाहेर बसलेले नातेवाईक मला नेहमी विचारायचे, "बेन, हार्ट बंध तो नहीं करे ने?" (ताई, हृदय बंद तर करणार नाहीत ना?) मी सांगायची, डॉक्टर आत गेल्यावर जे सुरक्षित वाटेल ते करतील, आणि लागलं तर पंप तयार आहे. 'नाही करणार' असं वचन कधी देऊ नका.

धुताना

प्लास्टिकचे बहुतेक पाय एकदाच वापरायचे असतात, तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. अरुंद नळीतलं वाळलेलं रक्त पूर्ण निघतच नाही, हे त्यामागचं कारण आहे. पुन्हा वापरायचे स्टीलचे पाय मात्र केस संपल्यासंपल्या धुवा, चहा नंतर. मोजणी आधी: पाय, नॉब, क्लॅम्प, शंट, स्नेअरचे तुकडे, बुलडॉग. मग एन्झाइमच्या पाण्यात बुडवून, सिरिंजनं प्रत्येक भोकातून पाणी काढा, पलीकडून स्वच्छ येईपर्यंत. हाताचा नॉब पूर्ण सैल करा, माळ वाकवून प्रत्येक मण्याच्या मधे ब्रश फिरवा. आवळलेल्या मण्यांच्या फटीत ना पाणी जात, ना ऑटोक्लेव्हची वाफ. वाळवा, नॉब एकदा आवळून-सोडून बघा, आणि पॅक करताना सैलच ठेवा. पाकिटावर तारीख घाला, आणि हात जरा जरी कलत होता असं वाटलं असेल तर तेही लिहा, म्हणजे सकाळी ट्रॉली लावणाऱ्याला ते छाती उघडल्यावर कळणार नाही.